जुन्या गाडीचा ताप

सिंगापुरात गाडी म्हातारी कधी झाली हे तिचे इंजिन सांगत नाही, सरकारी कागद सांगतो. मे १९९० मध्ये इथे वाहनांची कोटा पद्धत सुरू झाली. तेव्हापासून गाडीच्या किमतीखेरीज ती १० वर्षे रस्त्यावर ठेवण्याचा परवानाही बोली लावून घ्यावा लागतो. त्यालाच सगळे सीओई म्हणतात. या परवान्याचा भाव शेअर बाजाराला लाजवील असा हलतो. नोव्हेंबर २००८ मध्ये लहान गाड्यांच्या गटात तो २ डॉलरवर आला होता, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटात १,५०,००१ डॉलरवर गेला. दहा वर्षे भरली की गाडी मोडीत काढायची, परदेशी धाडायची, नाहीतर आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी भावाने पैसे भरून ५ किंवा १० वर्षांची मुदतवाढ घ्यायची. मुदतवाढ घेतली की मोडीत काढताना मिळणारा परतावा बुडतो, रोड टॅक्सवर वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारा अधिभार लागतो आणि दोन वर्षांनी होणारी तपासणी दरवर्षी होऊ लागते.

एवढे सगळे करून बारा-तेरा वर्षांची गाडी बाळगणारा माणूस पक्का हिशेबी असणार. गंमत अशी, की हाच हिशेबी माणूस एसी थंड करत नाही म्हटल्यावर काकी बुकितच्या किंवा सिन मिंगच्या वर्कशॉपात जातो आणि ‘अंकल, गॅस भरून द्या’ एवढे सांगून मोकळा होतो. आजच्या व्याख्यानाचा सगळा रोख या एका वाक्यावर आहे.

मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तापलेली गाडी येते ती घाटातली. खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली पद्मिनी, शेजारी पाण्याचा कॅन घेतलेला चालक, आणि गाडी निवेपर्यंत वडापाव खाणारी बाकीची मंडळी. त्या तापाचे कारण उघड असे: चढ, ओझे, खालचा गिअर आणि बैलगाडीचा वेग. सिंगापुरात घाट नाही. बेटावरची सर्वांत उंच टेकडी बुकित तिमा, तिची उंची जेमतेम १६३ मीटर. इथे गाडी तापते ती उभ्या उभ्या. पीआयई या एक्स्प्रेसवेवर ताशी ८० किलोमीटरने धावताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. गाडी थांबली की ते काम विजेच्या पंख्यावर येऊन पडते. पंख्याची मोटर थकलेली असली किंवा रिले मधूनच दगा देत असला, तरी धावत्या गाडीत त्याचा पत्ताही लागत नाही.

लागतो तो वुडलँड्सच्या सीमेवर. तिथून मलेशियात नेणारा, १९२४ मध्ये खुला झालेला जोहोरचा कॉजवे जेमतेम एक किलोमीटर लांब, पण शाळांच्या सुट्ट्या लागल्या की तो ओलांडायला तास न् तास जातात. सिंगापूरची गाडी मलेशियात नेताना टाकी किमान पाऊण भरलेली असावी लागते, म्हणून पेट्रोलचा काटा झाडून सगळे पाहतात. त्याच्या शेजारच्या तापमानाच्या काट्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तो काटा तसा लबाडच. गेल्या काही दशकांतल्या पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी थोडेफार कमीजास्त तापले तरी मधोमध बसून राहतो, मालकाला उगीच धास्ती नको म्हणून. त्यामुळे तो मध्य सोडून वर सरकू लागला की उशीर झालेला असतो. तेव्हा एसी बंद करायचा, हीटर असेल तर तो पूर्ण सोडायचा, पंखा जोरात ठेवायचा आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवायची. हीटर सोडल्याने इंजिनाची थोडी उष्णता प्रवाशांच्या अंगावर येते, पण हेड गॅस्केट वाचू शकते.

एसीच्या आणि इंजिनाच्या तक्रारी पुष्कळदा जोडीने का येतात, ते गाडीच्या पुढच्या जाळीतून टॉर्च मारला की दिसते. बहुतेक गाड्यांत जाळीच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर असतो, त्याला लागून रेडिएटर, आणि दोघांच्या मागे पंखे. एसीने केबिनमधून काढलेली उष्णता कंडेन्सर बाहेर टाकतो, आणि ती गरम हवा रेडिएटरच्या वाट्याला येते. जाळीत दहा वर्षांची धूळ, किडे आणि पाने अडकली की दोघांचाही जीव गुदमरतो. या दोघांमधली फट साफ करायला रेडिएटर थोडा पुढे-मागे करावा लागतो, आणि घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये तेवढे कष्ट कोणी घेत नाही.

म्हणून मेकॅनिकला ‘थंड होत नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा केव्हा होत नाही ते सांगावे. सिग्नलला कोमट आणि धावताना गार, असे असेल तर संशय आधी पंख्यावर आणि कंडेन्सरवर घ्यायचा. इंजिन चालू ठेवून एसी लावायचा आणि बॉनेट उघडून पाहायचे. बहुतेक जपानी गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की पंखा फिरू लागतो. (ही परीक्षा वर्कशॉपातच करावी. सिंगापुरात विनाकारण इंजिन चालू ठेवून गाडी उभी करणे हा गुन्हा आहे, आणि एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतींच्या, कारपार्कमध्ये शेजारी डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात.) याउलट, धावताना इंजिन तापते आणि थांबल्यावर निवते, असे असेल तर पंखा निर्दोष आहे. तिथे रेडिएटर आतून चोंदला आहे, कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही. पहिली वीस मिनिटे हवा गार येते, मग झोत मंदावतो, आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक, हे लक्षण कूलिंग कॉइलवर बर्फ धरल्याचे. आणि झोत पहिल्यापासूनच दुबळा असेल तर गॅसचे नावही काढू नये. केबिन फिल्टर बाहेर काढून झटकावा, म्हणजे सगळा उलगडा होतो.

आता तो गॅस. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की इंजिन ऑइलसारखा खराब होत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. एखाद्या जुन्या गाडीत रबरी होजमधून वर्षानुवर्षे थोडाथोडा झिरपतो, ते वेगळे. पण गेल्या दिवाळीला भरलेला गॅस या दिवाळीला संपला असेल तर नळीला भोक आहे, आणि पुन्हा नुसता भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. सिंगापुरात हे भोक फार वेळा कूलिंग कॉइलमध्ये सापडते. कॉइल डॅशबोर्डच्या पोटात बसलेली असते, इथल्या दमट हवेत बारा महिने ओली असते, आणि तिच्या अ‍ॅल्युमिनियमला बारीक छिद्रे पडतात. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेला निदान ऋतूचा तरी आधार आहे; इथे ना वसंत ना शिशिर. रोजचे कमाल तापमान ३१ ते ३३ अंश, विक्रम ३७ अंशांचा, तोही दोनदाच गाठलेला: १९८३ मध्ये तेंगाहला आणि २०२३ मध्ये आंग मो कियोला. म्हणजे विक्रम आणि रोजचा दिवस यांत जेमतेम चार ते सहा अंशांचा फरक. डेहराडूनची गाडी थंडीत एसीला चार महिने सुट्टी देते. इथल्या एसीला ती कधीच मिळत नाही.

वर्कशॉपात कमी दाबाच्या बाजूला निळा आणि जास्त दाबाच्या बाजूला लाल असे दोन गेज लावतात. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखेच दाब दाखवतात, आणि तिथेच बरेच जण फसतात. आर-१३४ए या गॅसचा दाब ३० अंशांना साडेसहा-सात बार असतो, मग नळ्यांत गॅस पूर्ण असो की निम्मा. आत थोडे द्रव उरले आहे तोवर काटा हलत नाही. खरे काय ते इंजिन चालू केल्यावर कळते. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस प्रमाणाबाहेर भरला आहे किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. निळा चढलेला आणि लाल उतरलेला असेल तर कॉम्प्रेसर दमला. ‘गॅस भरा’ म्हणणारे गिऱ्हाईक यातल्या दुसऱ्या प्रकारात असेल, तर पैसे देऊन दुखणे वाढवून घेते.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायलाच हवी. ओल राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो, आणि तेलाशी मिसळून ती आतला धातूही खाते. अर्धा तास पंप लावून मग गेज तसाच ठेवायचा; काटा जागचा हलला तर गळती अजून आहे. हा अर्धा तास वाचवणारे वर्कशॉप स्वस्त असते, यात शंका नाही.

गाडी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची असेल तर एक पेच आणखी. तेव्हा एसीत आर-१२ असे. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोन थराच्या रक्षणासाठी तो हटवला गेला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. दोन्ही गॅसना चालणारे तेल वेगळे, म्हणून जुन्या यंत्रणेत नवा गॅस तसाच कोंबता येत नाही. तेल, ड्रायर आणि सीलही बदलावे लागतात. सिंगापुरात ३५ वर्षांवरच्या गाड्यांसाठी क्लासिक योजना आहे, तीत गाडी वर्षात ४५ दिवसच रस्त्यावर आणता येते. हे हौशी लोक गाडी पुसतात फार, चालवतात कमी. कॉम्प्रेसर फिरलाच नाही तर त्याच्या सीलला तेल मिळत नाही, ते सुकते आणि गॅस निसटतो. वापरून झिजते त्याहून अधिक असे न वापरल्याने बिघडते.

इंजिनाच्या पाण्याकडे मात्र वापरणाऱ्यांचेही दुर्लक्षच. इथे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे म्हणून नळाचे पाणी ओतणारे थोडे नाहीत. कूलंट उत्कलनबिंदू वाढवते, आणि त्याहून महत्त्वाचे, अ‍ॅल्युमिनियमचा गंज रोखते. रेडिएटरच्या झाकणाचेही तसेच. ते साधारण एक बार दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाच्या रबराला चीर गेली की ते आधीच उकळू लागते. झाकण स्वस्तात येते, ते आधी बदलून पाहावे. मात्र गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नाही, हात भाजून निघतो. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग काळ्यावरून तपकिरी झाला असेल तर ती ठिसूळ झाली आहे, फुटण्याची वाट पाहू नये. आणि ‘गरम देशात थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की इंजिन लवकर तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त पिते, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते.

हीटर वापरात नाही म्हणून तो निरुपद्रवी आहे असेही नाही. काही गाड्यांत तो मुळातच नसतो, पण जपानहून आलेल्या गाड्यांत बहुधा असतो. त्याच्या छोट्या रेडिएटरमध्ये इंजिनाचे गरम पाणी फिरत असते आणि एक झडप त्याची ऊब केबिनपासून दूर ठेवते. झडप नीट बंद झाली नाही की एसीची गार हवा शेवटच्या वळणावर कोमट होते. गॅस ठीक, दाब ठीक, कॉम्प्रेसर ठीक, आणि मालक हैराण. एसीची गार नळी हाताला बर्फासारखी लागते आणि व्हेंटमधून मात्र कोमट हवा येते, तेव्हा ही झडप पाहायची.

पुढच्या सीटवर बसताना पायाखालचा गालिचा ओला लागला तर आधी बोट टेकवावे. पाणी स्वच्छ, वासाविना असेल तर कूलिंग कॉइलचे निचरा-छिद्र तुंबले आहे. इथल्या हवेत त्यातून एवढे पाणी पडते, की पार्किंगमधला ओला डाग हे प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण मानावे. बोट चिकट लागले, गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल तर हीटर गळतो आहे. चव मात्र घेऊ नये. कूलंट विषारी असते.

डॅशबोर्ड खोलायची मजुरी सुट्या भागांहून अधिक पडू शकते. त्यामुळे कॉइल गळते आहे असे ठरले की सीओईची उरलेली मुदत बघून निर्णय घ्यावा. परवाना संपायला आठ-दहा महिने असतील आणि तो वाढवायचा नसेल, तर गळती संथ असल्यास मोठी दुरुस्ती टाळता येते. १० वर्षांची मुदतवाढ घेणार असाल तर एकाच खोलण्यात कूलिंग कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर नवे घालून घ्यावेत आणि हीटरचा रेडिएटर तपासून घ्यावा. बिलावर व्हॅक्यूम किती मिनिटे केला आणि गॅस किती ग्रॅम भरला, हे लिहून मागावे. किती ग्रॅम लागतो, ते बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते.