कशाचं नवल वाटलं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण)



मूल पुस्तक वाचून उठलं की घरातलं मोठं माणूस विचारतं, "मग, काय शिकलास?" शाळेत हाच प्रश्न जरा इस्त्री करून येतो : "या पुस्तकातून तुम्हांला कोणता बोध झाला?" मुलंही उत्तर देऊन मोकळी होतात. जिद्द, चिकाटी, कष्ट, देशप्रेम. चरित्र शास्त्रज्ञाचं असो, संताचं असो की पहिलवानाचं, बोध हेच चार. ते पुस्तक न उघडताही सांगता येतात, हे मुलांना आपल्या आधी कळलेलं असतं.

मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्याकडे शनिवारी शेवटच्या तासाला अकरावीची मुलं वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलतात. अटी दोनच. पुस्तक खऱ्या माणसांचं, खऱ्या घडामोडींचं हवं. चरित्र, आत्मचरित्र, प्रवास, इतिहास, विज्ञान, काहीही चालेल. आणि सांगायचं एवढंच, की वाचताना कशाचं नवल वाटलं. सारांश नको. लेखकाचा जन्म कुठे झाला, हे तर मुळीच नको.

कथा-कादंबऱ्यांनी काय घोडं मारलंय, असं आमच्या ग्रंथपालांनी मला विचारलं होतं. काहीच नाही. पण कादंबरीत अचाट काही घडलं, तर 'लेखकानं रचलंय' म्हणून पान उलटता येतं. खऱ्या गोष्टीत ती पळवाट नसते. आपल्या डोक्यात आधीपासून जे काही ठाण मांडून बसलेलं असतं, त्यालाच मग जरा सरकून बसावं लागतं. शिवाय बोध गाइडमधून उतरवता येतो. नवल मात्र ज्याचं त्यालाच वाटावं लागतं. एका मुलीनं सांगितलेलं नवल दुसरीनं उचललं, तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडं पडतं.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. रायगड जिल्ह्यातल्या पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला, तेव्हा तो शहरातच होता. हे लिखाण चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं. हे पुस्तक वाचलेल्या मुलाकडून राणीचं शौर्य ऐकायला मिळेल, अशी सगळ्यांची अपेक्षा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हा माणूस लढाई बघायला गेलाच नव्हता. घरावर कर्ज होतं, ते फेडायला गेलता."

खरंच आहे. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढ्या बातमीवर विष्णुभट चुलत्यांबरोबर घरातून निघाले. पाठ्यपुस्तकातल्या १८५७ मध्ये एक बाजू असते, दुसरी बाजू असते आणि मधे तारखा असतात. कर्जापायी निघालेला माणूस त्या चित्रात बसत नाही. त्या मुलाचे वडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. "मुकादमाची उचल घेतलेला माणूस जिथं कारखाना असेल तिथं जातो, तिथं काय पेटलंय ते त्याला पोचल्यावरच कळणार," असं तो म्हणाला. मिळालेला पैसा वाटेत लुटला गेला, तरी विष्णुभटांनी गंगेची कावड तेवढी घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घातलं, याचं मला मोठं नवल वाटत आलंय. मुलाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "पैसं गेलं, मग कायतरी आणायला पायजेच की," म्हणाला.

दुसऱ्या एका मुलानं 'एक होता कार्व्हर' आणलं होतं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ सालचं. महाराष्ट्रात ते न वाचलेली शिक्षकमंडळी कमीच. तान्ह्या जॉर्ज कार्व्हरला पळवणाऱ्यांच्या हातून सोडवताना घोडा द्यावा लागला, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहते. या मुलाचं बोट मात्र शेतीवर थांबलं. अमेरिकेतल्या अलाबामात वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन जमिनी नि:सत्त्व झाल्या होत्या. कार्व्हर १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत आले आणि भुईमूग, चवळीसारखी पिकं आलटून पालटून घ्या, म्हणजे जमिनीला नत्र मिळेल, असं सांगू लागले. १९०६ पासून तर घोड्यांची गाडी अवजारांसह शेतकऱ्यांच्या दारात जाऊ लागली.

"ह्यो तर बेवड झाला की!" मुलगा म्हणाला. भुईमुगाचा बेवड चांगला, त्यावर ज्वारी जोमानं येते, हे त्याचे आजोबा कायम सांगायचे. एवढ्या मोठ्या देशात हे शेतकऱ्यांना शिकवावं लागलं, याचं त्याला नवल.

इथं वर्गाची छाती फुगायला लागली. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, या गाण्याचा पहिला सूर लागलाच होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "टेंभू योजनेचं पाणी आल्यापासनं तुमच्यात उसावर ऊसच हाय. आज्याचा बेवड कुठं गेला?" तो पोरगा गप्प. कार्व्हरना ती गाडी दारोदार का न्यावी लागली, हे त्या दिवशी वर्गाला कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय कळलं. उपाय माहीत असणं वेगळं आणि हातात रोकड देणारं पीक सोडणं वेगळं. कापूस काय, ऊस काय.

त्याच पुस्तकावर दुसऱ्या एकीनं भलताच धागा काढला. कार्व्हर चित्रं काढायचे, आणि त्यांचं एक चित्र १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लागलं होतं. या मुलीनं साल ओळखलं. स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं ते शिकागो, ते साल, आणि सर्वधर्म परिषदही त्या प्रदर्शनाच्याच निमित्तानं भरलेली! दोन वेगळ्या धड्यांतली माणसं एका गावच्या एका जत्रेत निघाली, याचा तिला झालेला आनंद बघण्यासारखा होता. असा आनंद परीक्षेत एकाही गुणाचा नसतो.

नवल प्रत्येक वेळी गोड असतं असं नाही. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचून आलेली मुलगी संतापलेलीच होती. विधवाविवाहाच्या चळवळीतले न्यायमूर्ती रानडे. त्यांची पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी लग्न केलं, ते अकरा वर्षांच्या मुलीशी. स्वतः तेव्हा एकतीस वर्षांचे. हे तिला रुचलं नाही. पण तिला खरं नवल वाटलं ते रमाबाईंचं. "यांना राग कसा येत नाही? त्यांनी शिकवलं, वाढवलं, सगळं मान्य. पण राग?" वर्गात दोन तट पडले. एक म्हणे काळ तसा होता, दुसरा म्हणे काळ तसा होता हे त्याच काळातल्या सुधारकांना पटत नव्हतं म्हणून तर चळवळ होती. मी मध्ये पडले नाही. तास संपला तरी ती कुरकुरत होती, आणि रमाबाईंचं पुस्तक तिनं पुन्हा एकदा घरी नेलं. भक्तीनं नेलं नाही, पुरावा शोधायला नेलं.

आता जरा अवघड प्रसंग सांगते. एका मुलीनं लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' वाचलं. १९८० चं पुस्तक, कैकाडी समाजातल्या मुलाचं. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, टोपल्या विणायच्या, आज या गावाच्या कडेला तर उद्या त्या, आणि त्यातच शाळा. आपल्या सातारा भागातलंच हे. मुलगी बोलताना रडवेली झाली. असं जगणं आपल्या इतक्या जवळ होतं, याचं तिला नवल वाटलं होतं आणि लाजही. वर्गही हळहळला. मग एक मुलगा उठला. त्याच्या घरी आजही टोपल्या आणि कणग्या विणतात. त्यानंही ते पुस्तक वाचलेलं. तो म्हणाला, "मला कशाचंच नवल वाटलं नाही. ह्यांना वाटलं, त्याचं वाटलं."

एवढं बोलून तो बसला.

हा तास सुरू करताना मी धरून चालले होते की नवल पुस्तकात असतं. ते वाचणाऱ्यात असतं, आणि कोणाला कशाचं वाटत नाही, यावरून कोण कुठे उभं आहे ते दिसतं, हे त्या मुलानं एका वाक्यात समोर ठेवलं. तेव्हापासून आमच्याकडे दुसराही प्रश्न विचारतात : यात तुला आधीच माहीत असलेलं काय होतं? या प्रश्नाला वर्गातली गप्प राहणारी मुलं जास्त बोलतात. त्याच प्रश्नामुळे आमच्याकडे एक कोडं निर्माण झालंय, आणि आजच्या भाषणाचं निमंत्रण मी खरं तर त्या कोड्यासाठी स्वीकारलं.

१५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून तो आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी गावोगाव भाषणं होतात, मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढतात, आणि बऱ्याचदा फोटो निघाल्यावर पुस्तकं परत कपाटात जातात. 'अग्निपंख' मात्र मुलं आवडीनं नेतात. त्यात लहानपणीचा एक बारीकसा प्रसंग आहे. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा कलाम आठ वर्षांचे होते. रामेश्वरमच्या बाजारात एकाएकी चिंचोक्यांना मागणी आली. हा मुलगा चिंचोके गोळा करून दुकानात विकायचा आणि दिवसाच्या कमाईचा एक आणा मिळवायचा. आणि पुढे ते लिहितात की ही मागणी कशामुळे आली, हे आपल्याला कधीच उमगलं नाही.

ज्या मुलीनं हे वाचलं, तिला दोन गोष्टींचं नवल वाटलं. चिंचोक्याला पैसे मिळतात हे एक. आमच्याकडे चिंचेखाली सडाच पडलेला असतो; पोरी सारीपाट खेळायला वेचतात, बस्स. दुसरं म्हणजे, अग्निबाण उडवणाऱ्या माणसालाही 'मला कळलं नाही' असं लिहिता येतं.

मी नेहमीचा प्रश्न टाकला : यातलं कोणाला आधीच काही माहीत आहे का? सणगराच्या घरातली एक मुलगी लगेच म्हणाली, "खळ!"

घोंगडी विणणाऱ्या सणगरांच्या घरी चिंचोका ही बारमाही वस्तू. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवून त्याची चिकट खळ करायची आणि ती लोकरीच्या ताण्याला कुंच्यानं द्यायची. त्यानं सूत बळकट होतं, मागावर तुटत नाही. तिचं म्हणणं, युद्धात सैनिकांना घोंगड्या, कापड लागलं असणार, कापडाला खळ लागणार, म्हणून चिंचोके. सोलापूरला ज्याचे आजोबा गिरणीत होते असा एक मुलगा म्हणाला की गिरणीतही सायझिंग खातं असतं, तिथं सुताला कांजी चढवतात.

मग मीही शोधाशोध केली. चिंचोक्याचं पीठ कापडउद्योगात स्टार्चला पर्याय म्हणून वापरतात, ही गोष्ट पक्की. आपल्याकडच्या गिरण्यांत ते रुळलं तेही त्या युद्धाच्या काळातच, पण १९४३ च्या सुमारास. कलामांची आठवण त्याच्या तीन-चार वर्षं आधीची. म्हणजे सणगराच्या मुलीचं उत्तर दाराशी येऊन थांबतं, आत येत नाही. रामेश्वरमपासून मदुराई काही फार लांब नाही आणि मदुराईला सूतगिरण्याही होत्या, हातमागही; हातमागवाल्यांना टंचाई आधी जाणवली असेल का, असा तिचा पुढचा मुद्दा आहे. उसाचा टोला हाणणारी ती मागच्या बाकावरची मुलगी याही वेळी विरोधात. तिच्या मते चिंचोके खायला नेत असतील. दुष्काळात माणसं चिंचोके भाजून, दळून खातात, हे तिनं आजीकडून ऐकलंय, आणि युद्ध म्हटलं की धान्याची टंचाई आलीच. सणगराची मुलगी म्हणते, खायला न्यायचं तर चिंच अख्खी नेली असती, नुसता चिंचोका कशाला? वाद तिथंच अडलाय.

तेव्हा श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणी जुन्या काळी किराण्याचा, अडतीचा धंदा करत असेल, माग चालवत असेल किंवा गिरणीच्या सायझिंग खात्यात असेल, आणि १९३९-४० च्या सुमारास चिंचोके कोण विकत घेई, ते कुठे जात, काय भावानं जात, याची आठवण किंवा एखादी जुनी वही शिल्लक असेल, तर या केंद्राच्या पत्त्यावर कळवा. पत्रावर 'चिंचोके' एवढं लिहिलं तरी ते आमच्या अकरावीच्या वर्गापर्यंत पोचेल. वही मराठीत असो, मोडीत असो, चालेल. मोडी वाचणारे एक निवृत्त तलाठी आमच्या गावात आहेत, आणि त्यांना मुलींनी आधीच सांगून ठेवलंय.