घशातील गाठी आणि घशाचा कर्करोग

घशातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. शिक्षक, कीर्तनकार, भाजीविक्रेते अशा आवाजावर पोट असणाऱ्यांच्या स्वररज्जूंवर बारीक गाठी धरतात, कधी मऊ पॉलिप वाढतो. लहान मुलांच्या स्वरयंत्रात एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे चामखिळीसारखे कोंभ येतात; ते काढले तरी पुन्हा उगवतात, श्वासही अडवतात, पण बहुधा कर्करोगाचे नसतात. अडचण अशी की या सगळ्यांत आवाज घोगरा होतो आणि कर्करोगातही तसाच होतो. नुसत्या ऐकण्यावरून फरक सांगता येत नाही. स्वरयंत्र डोळ्यांनी पाहावेच लागते. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वररज्जू पाहिले. तसाच आरसा घशाच्या डॉक्टरांकडे आजही असतो आणि तपासणी काही मिनिटांत होते.

कर्करोग केव्हा लक्षात येईल, हे तो घशात कोठे उगवला यावर बरेच अवलंबून असते. स्वररज्जूवर मोहरीएवढा उंचवटा आला तरी दोन्ही रज्जू नीट मिटत नाहीत आणि आवाज लगेच बदलतो. शिवाय तेथे लसीकावाहिन्या फार विरळ असल्याने रोग मानेत लवकर उतरत नाही. म्हणूनच घशाच्या कर्करोगांत स्वररज्जूचा कर्करोग वेळेवर सापडला तर बरा होण्याची शक्यता सर्वांत चांगली. ही संधी अनेकदा काढे, गुळण्या आणि खोकल्याच्या औषधांत वाया जाते. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या वा ओढणाऱ्या माणसाचा, सर्दीच्या खाती टाकणे धोक्याचे आहे.

अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या घशाच्या खालच्या भागात मात्र रोग गुपचूप वाढतो. घास अडतो, एकाच बाजूला टोचते, वजन उतरते. कान दुखतो, पण तपासला तर स्वच्छ निघतो, कारण घसा आणि कान यांच्या वेदना वाहणाऱ्या काही नसा एकच आहेत. अनेकदा पहिली खूण म्हणजे मानेतली न दुखणारी गाठ. दुखत नाही म्हणूनच ती दुर्लक्षित राहते.

बिडी, सिगारेट आणि दारू ही मुख्य कारणे; तंबाखू आणि दारू ही दोन्ही व्यसने एकत्र आली की धोका कित्येक पटींनी वाढतो. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी एचपीव्ही १६ हेही एक कारण आहे. विदर्भात त्यात खर्ऱ्याची भर पडते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा ओला बोकणा तासन्‌तास गालात राहतो. त्याचा पहिला घाव तोंडावर बसतो, पण रस घशातूनच उतरतो. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी, हा समज खोटा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. महाराष्ट्रात २०१२पासून गुटखाबंदी आहे. खर्रा तरीही मिळतो.

निदान दुर्बिणीने पाहून आणि तुकडा काढून होते. तुकडा काढल्याने रोग पसरतो, या भीतीला आधार नाही. सुरुवातीच्या अवस्थेत केवळ किरणोपचार किंवा लेसर शस्त्रक्रिया पुरते. किरणोपचार साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. त्या काळात तोंड कोरडे पडते, गिळताना आग होते. रोग वाढलेला असेल तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरण, किंवा किरणांसोबत केमोथेरपी लागते.

हे उपचार विदर्भातच मिळतात. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरला कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालये आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार येतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र पहिल्याच फेरीत सोबत न्यावे.

संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले तर मानेवरच्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो आणि नेहमीचा आवाज जातो. अन्ननलिकेतून बोलण्याचा सराव, मानेला लावायचे विद्युत उपकरण किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली छोटी झडप यांनी बोलणे परत येते. झडपेमुळे अनेकांना फोनवरही बोलता येते. मानेवरच्या छिद्रात पाणी जाणार नाही, याची आंघोळीच्या वेळी काळजी घ्यावी लागते. नदी-विहिरीत पोहणे कायमचे बंद. उपचारानंतर पहिली दोन वर्षे तपासण्या जवळजवळच्या अंतराने होतात, कारण रोग उलटण्याचा संभव तेव्हाच अधिक असतो. तंबाखू चालूच राहिली, तर तोंडात, घशात किंवा फुप्फुसात दुसरा नवा कर्करोग उद्भवण्याचा धोकाही तसाच राहतो.