शिक्षकाची परवानगी

सातारच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एका मुलाचे नाव दाखल झाले. शाळेच्या पटावर ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे लिहिलेले आहे. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते, त्यामुळे ही तारीख आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. प्रवेश मिळाल्यानंतर त्या मुलाच्या वाट्याला काय आले, याची उजळणी मात्र त्या मानाने कमी होते. आणि शिक्षकांच्या दृष्टीने खरा धडा तेथेच आहे.

बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत तो लिहून ठेवला. वर्गात इतर मुलांपासून दूर, तरटाच्या एका तुकड्यावर त्यांना बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला शिवत नसे. म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावयाचे. तहान लागली तर इतर मुले नळ सोडून पाणी पीत. या मुलाला नळाला हात लावण्याची बंदी होती. शिक्षकाने पाणी पिण्यास परवानगी दिली तरी ती पुरी पडत नसे. नळ सोडण्यासाठी शाळेचा शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसला की पाणी नाही! चांगल्या शिक्षकाचे हात कोठपर्यंत पोहोचतात आणि कोठे आखडतात, हे त्या नळापाशी स्पष्ट दिसते.

चांगले शिक्षक त्या शाळेत नव्हते असे मुळीच नाही. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुटीत जेवणासाठी या मुलाने दूर घरी जावे, हे त्यांना रुचत नसे. ते आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी रोज त्याला देत. मुलाचे मूळ आडनाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे या गावावरून आलेले. ते बदलून या गुरुजींनी पटावर आपले आडनाव लिहिले, असे चरित्रकार सांगतात. आडनावाच्या या कथेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भाकरीविषयी मात्र स्वतः बाबासाहेबांनीच कृतज्ञतेने सांगितले आहे. दुसरे शिक्षक पेंडसे. एकदा धो धो पावसात भिजून आलेल्या या मुलाला त्यांनी आपल्या मुलाबरोबर घरी पाठविले, ऊन पाण्याने आंघोळ घालविली आणि नेसावयास कोरडे वस्त्र दिले.

ही भाकरी वरून ओंजळीत टाकली जाई, तिच्यातही शिवाशिव पाळली जाई, म्हणून आज तिला नावे ठेवणे सोपे आहे. तसे करणे न्यायाचे होणार नाही. त्या काळात, त्या गावात, एका शिक्षकाने रोज इतके करणे ही लहान गोष्ट नव्हती. बाबासाहेब १९३० साली गोलमेज परिषदेस निघाले तेव्हा या गुरुजींनी त्यांना पत्र लिहिले, आणि बाबासाहेबांनी ते जपून ठेवले. परंतु हेही तितकेच खरे, की भाकरी देणाऱ्या गुरुजींच्या शाळेत तरट जागचे हलले नाही. दया सुटीपुरती होती. वर्ग भरला की जुनी मांडणी कायम होती. आणि वर्गातील चाळीस-पन्नास मुले गुरुजींच्या अंतःकरणातील कणव पाहून शिकत नाहीत; कोण कोठे बसला आहे ते पाहून शिकतात.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात याचाच प्रत्यय आला. शिक्षकांनी गणित सोडविण्यासाठी भीमरावांना फळ्यापाशी बोलाविले. त्याबरोबर वर्गात एकच धावपळ उडाली. मुलांचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. ते बाटू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी डबे हलविले, मग भीमरावांना फळ्याशी जाता आले. ती मुले काही दुष्ट नव्हती. घरी शिकलेले तेच ती येथे आचरीत होती, आणि त्याहून वेगळे काही शिकविण्याचे काम शाळेने तोवर अंगावर घेतलेले नव्हते. याच काळात संस्कृत शिकण्याची वाटही त्यांना बंद झाली आणि फारसी घ्यावी लागली.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची गोष्ट म्हणूनच वेगळी वाटते. ते विल्सन हायस्कूलमधील शिक्षक. भीमराव त्यांच्या वर्गातील विद्यार्थी नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी आपण होऊन चौकशी केली आणि त्याला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. इंटरनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांना नेऊन दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात पुढाकार केळुसकरांचाच. येथे दयेपेक्षा निराळे काही आहे. एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला ओळखले. १९५६ साली आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या भेटीचा आवर्जून उल्लेख केला आहे.

वर्गाची मांडणीच बदलण्याचे काम साताऱ्यातच व्हावयाचे होते. कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने जैन. विद्यार्थिदशेत कोल्हापुरास असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची व धर्मांची मुले एकत्र राहत, आपापल्या पाळीने कामे करीत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे येऊन गेले. १९४० साली भाऊरावांनी साताऱ्यात मोफत व निवासी हायस्कूल सुरू केले, त्यास सयाजीराव महाराजांचेच नाव दिले. ज्या गावात एक मुलगा तरट काखेत घेऊन घरी जात होता, त्याच गावात पंचवीस वर्षांच्या आत ही पंगत बसली. स्वयंपाकघरात शेजारी बसून भाजी चिरणाऱ्या मुलांना आदरावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

आजच्या हायस्कुलात तरट नाही. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु बेळगावच्या वर्गात घरी कन्नड बोलणारा मुलगा असतो, गोव्याच्या वर्गात कोकणी वळणाने मराठी वाचणारी ख्रिस्ती मुलगी असते, हैदराबादेस उर्दू वा तेलुगू घरातून आलेली मुले असतात. वाचताना एखादा उच्चार निराळा पडला की वर्ग हसतो. त्या क्षणी सारी मुले गुरुजींच्या तोंडाकडे पाहतात. गुरुजी स्वतःही किंचित हसले, तर पुढच्या खेपेस ती मुलगी वाचावयास उभी राहत नाही. डब्यातील पदार्थावरून, उपासावरून, नावावरूनही हेच घडते. हजेरी घेताना अवघड वाटणारे नाव मोडून-तोडून उच्चारणारे आणि त्यात गंमत आहे असे मानणारे शिक्षक प्रेमळ नसतात असे नाही. त्यांतले कित्येक अडीअडचणीला फीसुद्धा भरतात. पण नाव नीट कसे उच्चारावे, हे त्या मुलालाच भर वर्गात विचारावयाचे आणि नंतर ते तसेच म्हणावयाचे, याला पैसा लागत नाही की कोणा शिपायाची वाटही पाहावी लागत नाही.