चाळीसचा वेग



नववीत सर 'संवेग अक्षय्यता' शिकवत होते, तेव्हा मी मागच्या बाकावर चिंचा खात होते.

चार वर्षांपूर्वी सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या भावाच्या गाडीवर मागून एक गाडी आदळली. चालक म्हणाला, "मी चाळीसनेच होतो." भाऊ दवाखान्यात. मी टेप घेऊन रस्त्यावर गेले.

दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून, चाकं न फिरता १० मीटर घसरल्या होत्या. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक साधारण ०.७. दोन गुणिले ०.७ गुणिले ९.८ गुणिले १०, त्याचं वर्गमूळ: सेकंदाला ११.७ मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर. वाटलं, माणूस खरं बोलतोय!

मग सर आठवले. धडकेत ऊर्जा पत्रा चेपण्यात खर्च होते, एकूण संवेग मात्र तेवढाच राहतो. बेचाळीस हा धडकेनंतरचा, दोन्ही गाड्यांचा मिळून वेग. वजनं जवळपास सारखी, म्हणजे आधी त्याच्या एकट्या गाडीचा वेग दुप्पट: ८४. घर्षणांक ०.६ धरला तरी ७८.

तो कागद मी पोलिसांना दिला. चालकाने पुन्हा चाळीसचं नाव काढलं नाही.

भाऊ आज समोरच बसलाय. सर, त्या चिंचांबद्दल माफी मागायची राहिली होती.