‘अ’ आणि ‘ए’

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं, प्रत्येकाने आपापल्या धंद्यातलं काहीतरी सांगायचं. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, वकिलांनी मृत्युपत्र. दोन्ही आपल्या वयाला शोभणारेच विषय. मी आयुष्यभर तालुक्याच्या गावी एका सिनेमा थिएटरचा मॅनेजर होतो. तेव्हा मी पिक्चरच्या आधी दिसणाऱ्या त्या कागदाबद्दल बोलतो. तो पडद्यावर आला की आपण शिट्ट्या मारायचो आणि रिळं किती ते वाचायचो.

त्या कागदावर खूण दोन लिप्यांत असते आणि घोळ तिथेच होतो. देवनागरी ‘अ’ म्हणजे अनिर्बंधित, कोणीही बघावा असा. त्याचंच इंग्रजी ‘यू’. इंग्रजी ‘ए’ मात्र फक्त प्रौढांसाठी. त्याला देवनागरीत ‘व’, म्हणजे वयस्क. आमच्या खिडकीवर पोरं येऊन हळूच विचारायची, “काका, ‘अ’ आहे का?” डोअरकीपर सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगायचा, “‘अ’च आहे, आईलाही घेऊन ये!”

आणखी एक खूण असायची. जुन्या सर्टिफिकेटवर खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर समजायचं, कात्री लागलेली आहे. काय कापलं ते मागच्या भागात लिहिलेलं असायचं. प्रेक्षकांना तो त्रिकोण दिसायचा, अर्थ फार थोड्यांना ठाऊक होता.

आपली तुकडी आणि ‘यूए’ एकाच वर्षीचे. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. पण १९८३ पर्यंत सर्वसाधारण पिक्चरला ‘यू’ किंवा ‘ए’ एवढंच होतं. आपण दहावीच्या निकालाची वाट बघत होतो त्या जूनमध्ये ‘यूए’ आलं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांनी विचार करून दाखवावं. ‘एस’ही आलं, डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गापुरतं. त्याच सुमारास मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलं. लोक अजून सेन्सॉरच म्हणतात, आणि मला विचाराल तर त्यांचं काही चुकत नाही.

ठरवतं कोण? मंडळ मुंबईत, आणि देशभर नऊ प्रादेशिक कार्यालयं. पूर्ण लांबीचा पिक्चर तपासायला एक अधिकारी आणि सल्लागार यादीतले चार जण बसतात. त्यांत दोन स्त्रिया. ही यादी सरकार नेमतं. सगळे सिनेमावालेच असतात असं नाही. खेळ संपला की प्रत्येकाने आपलं मत लेखी द्यायचं. निकाल पटला नाही तर निर्माता मोठ्या समितीकडे जातो. त्यापुढे पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट हायकोर्ट. छोट्या निर्मात्याच्या दृष्टीने हे वाईट झालं. वकिलाची फी भरण्यापेक्षा दोन प्रसंग कापून दिलेले स्वस्त पडतात.

आणि कापून देण्यामागे हिशेब असतो. ‘ए’ मिळालं की घरची मंडळी गेली, सुट्टीतली पोरं गेली. ‘यूए’साठी निर्माते स्वतःहून कात्री मागतात, ती याचसाठी.

नियम म्हणतात, पिक्चर अख्खा बघा, एकूण परिणाम बघा, त्यातला काळ ध्यानात घ्या. ही सूत्रं कोर्टातूनही आली आहेत. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या छोट्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. मंडळाने ‘ए’ दिलं, अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. खटला चालू असतानाच सरकारने ‘यू’ द्यायचं कबूल केलं, पण अब्बास थांबले नाहीत. मुळात आधीच तपासणी का, असं त्यांनी विचारलं. १९७० मध्ये कोर्टाने तपासणी योग्य ठरवली, प्रौढ आणि मुलं असा भेद करणंही योग्य ठरवलं. पुढे १९९६ मध्ये ‘बँडिट क्वीन’च्या वेळी त्याच कोर्टाने सांगितलं की त्यातली नग्नता वासना चाळवत नाही, बघणाऱ्याला त्या बाईवरच्या अत्याचाराची चीड येते, ‘ए’ सर्टिफिकेट कायम राहिलं.

आता फाटकावरची गोष्ट. ‘ए’च्या खेळाला अठराखालच्याला सोडायचं नाही, ही जबाबदारी थिएटरची. आईवडील सोबत असले तरी नाही. अमेरिकेत ‘आर’ खूण असली की सतरा वर्षांखालचं मूल पालकाबरोबर आत जाऊ शकतं. आपल्याकडे बाप भांडतो, “पोरगं माझं, तिकीट माझं, तू कोण?” मी कोण, तर ज्याच्या खुर्चीमागे लायसन्स टांगलेलं आहे तो.

एकदा एका शाळेतल्या बाई आल्या. नववीच्या मुलींना एक पिक्चर दाखवायचा होता. त्या वयाच्या मुलीवर ओळखीच्याच माणसाकडून जे ओढवतं, त्याची गोष्ट होती. मी सर्टिफिकेट दाखवलं : ‘ए’. बाई म्हणाल्या, “ज्यांच्यावर बेततं त्यांनी बघायचं नाही, आणि बाकी गावाने बघायचं?” मी नाहीच म्हणालो. आजही म्हणेन, कारण फाटकावरच्या माणसाने कायदा बदलायचा नसतो. पण बाईंचा प्रश्न खरा होता. वयाचा आकडा पिक्चर कशाबद्दल आहे ते सांगत नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी ‘यूए’ पिक्चरमध्ये हीरो पंचवीस माणसं लोळवत होता आणि पहिल्या रांगेत दुसरीतली पोरं टाळ्या पिटत होती. मारामारीला सवलत आणि दुखऱ्या विषयाला दरवाजा बंद, हा तोल मला कधीच पटला नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+. सर्टिफिकेटची दहा वर्षांची मुदतही गेली, आता ते कायमचं. पण नीट ऐका. १६+ पाटी असली तरी दहा वर्षांच्या मुलाला डोअरकीपर अडवू शकत नाही. कायद्यानेच म्हटलंय, ही सूचना पालकांसाठी आहे, दुसऱ्या कोणी ती अंमलात आणायची नाही. फाटकावर आता तुम्हीच उभे आहात.

आणि फोनवर तर मंडळही नाही. ओटीटीवरच्या मालिकांना वयाची खूण कंपनी स्वतःच लावते, २०२१ च्या नियमांप्रमाणे. एक गोष्ट मात्र तिथे बरी आहे : खुणेशेजारी कारण लिहावं लागतं, हिंसा, शिवीगाळ, जे असेल ते. १३+ पासून पुढे कुलूप लावायची सोयही द्यावी लागते. हे कुलूप आपल्यापैकी किती जणांनी लावलंय, हात वर करा... दोन. त्यातला एक हात वकीलसाहेबांचा.

बाकीच्यांनी जेवणानंतर फोन घेऊन माझ्याकडे या, लावून देतो. पासवर्ड मात्र नातवाला विचारू नका.