विहिरीतल्या आसरा आणि सरोवरातल्या जलपऱ्या

आजचा भाग जलपऱ्यांवर. हसू नका. आटपाडी तालुक्यानं वर्षानुवर्षं टँकरची वाट बघितलीय, आणि तिथला माणूस जलपऱ्यांवर बोलणार म्हणजे गंमतच. पण गोड्या पाण्यात राहून माणसं नेणाऱ्या बायका आपल्याला नवीन नाहीत. त्यांच्याकडं येतोच, आधी पुस्तक.

ॲन ग्रीनवुड ब्राउन या अमेरिकन लेखिकेची 'लाइज बिनीथ' ही २०१२ ची कादंबरी. कॉलेजच्या वयातल्या पोरापोरींसाठी लिहिलेली भुताखेताची प्रेमकथा म्हणा. गोष्ट समुद्रात नाही, लेक सुपीरियरमध्ये घडते. क्षेत्रफळानं जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, सगळ्यात खोल जागी चारशे मीटर, आणि पाणी हाडं गारठवणारं. त्यात कॅल्डर व्हाइट आणि त्याच्या बहिणी. डिस्नेच्या एरियलशी यांचं काही नातं नाही. ही मंडळी माणसं मारतात. का? तर त्यांच्याजवळ स्वतःचा आनंद नाही. माणसाला पाण्यात ओढायचं, त्याच्यातला आनंद शोषून घ्यायचा आणि त्यावर काही दिवस काढायचे. शिवाय आईच्या मरणाचा सूड घ्यायचाय, हॅनकॉक नावाच्या माणसावर. त्याला पाण्यापर्यंत आणायचं म्हणून कॅल्डरनं त्याच्या मुलीशी, लिलीशी जवळीक करायची असा बेत ठरतो. पुढं काय होतं ते तुम्ही ओळखलंच.

प्रेमाचा भाग मला बेतास बात वाटला. तो तिच्या मागं मागं फिरतो, तिच्यावर पाळत ठेवतो, आणि लेखिकेला ते गोड वाटतं. मला नाही वाटलं. पण दोन गोष्टी आवडल्या. एक म्हणजे ती भूक. आनंदी माणूस दिसला की यांच्या तोंडाला पाणी सुटतं, ही कल्पना खरंच अंगावर येते. दुसरी म्हणजे गोष्ट कॅल्डर स्वतः सांगतो. पाण्याच्या काठावर उभं राहून नाही, पाण्याच्या आतून.

आणि इथंच मला आपल्या आसरा आठवल्या.

शहरातल्या ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साती आसरा म्हणजे सात जणी. विहीर, ओढ्याचा डोह, तळं, जिथं पाणी तिथं त्यांचं ठाणं. काठावर शेंदूर लावलेले सात दगड एका ओळीत दिसले की समजायचं. कुठं कुठं त्यांना मावलाया म्हणतात. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, दहीभात. पोर व्हावं म्हणून बायका त्यांना नवस बोलतात, आणि पोराला काही होऊ नये म्हणून त्यांनाच भितात. भर दुपारी हिरीवर जाऊ नगं, तिन्हीसांजेला डोहाकडं बघू नगं, बाळंतिणीनं तर तिकडं फिरकूच नये. तरणाताठा गडी बुडाला तर 'आसरांनी नेला'. एखादी बाई गप्प गप्प राहायला लागली तर 'आसरांचं लागीर'. मग देवऋषी, मग उतारा.

डी. डी. कोसंबींनी या जलदेवतांची दखल घेतलीय. ॲन फेल्डहाउस यांचं महाराष्ट्रातल्या नद्या आणि स्त्रीत्व यावरचं १९९५ चं पुस्तक तर आवर्जून बघा, त्यात आसरा भेटतात. आसरा हा शब्द 'अप्सरा'वरून आलेला. अप् म्हणजे पाणी. इंद्राच्या दरबारात नाचायला जायच्या आधीपासून या बायका पाण्यातल्याच आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९५ वं सूक्त म्हणजे पुरूरवा आणि उर्वशीचं बोलणं. तो परत चल म्हणून विनवतोय आणि ती स्पष्ट नाही म्हणतेय. कालिदासानं पुढं 'विक्रमोर्वशीय'मध्ये दोघांना एकत्र आणून शेवट गोड केला. म्हणजे धोकादायक पाणबाईला प्रेमकथेत बसवायचं काम अमेरिकेत सुरू झालेलं नाही, आपल्याकडं दीड हजार वर्षांपूर्वीच झालंय.

पण उर्वशी निदान बोलते. गावातल्या आसरा बोलत नाहीत. मला हे खटकतं. त्या नेतात, लागतात, कोपतात, शांत होतात. का नेलं, हे त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना विचारलं नाही की बुडालेल्या माणसाबद्दलही विचारायचं राहून जातं. किंवा मुद्दाम राहू दिलं जातं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की आधी मूळ कारण शोधायचं, मगच तिकीट बंद करायचं. कारण न शोधता बंद केलं तर तोच बिघाड परत येतो. 'आसरांनी नेलं' हे असंच बंद केलेलं तिकीट आहे. 'हिनं विहीर जवळ केली' असा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली पोर विहिरीत सापडते, तेव्हा घरात काय चाललं होतं हा प्रश्न पहिला यायला पाहिजे. त्याऐवजी आसरांचं नाव निघालं की सगळ्यांची सुटका होते. सासरची सुटतात, माहेरची सुटतात, शेजारी तर सुटतातच. सात दगडांवर अजून थोडा शेंदूर चढतो.

स्लाव्ह लोकांकडं 'रुसाल्का' आहे. तिथं बऱ्याच गोष्टींत पाण्यातली बाई ही आधी कुणाची तरी मुलगी असते, फसवली गेलेली, बुडून मेलेली. धोका तीच, पण तिला मागची गोष्ट आहे. आपल्या आसरांना ती सहसा नसते. बऱ्याच ठिकाणी त्या पहिल्यापासून देवी.

आसरा म्हणजे नुसती अंधश्रद्धा, फेकून द्या, असं मी म्हणत नाहीये. कठडा नसलेल्या, वरून खाली पायऱ्याच नसलेल्या विहिरीपासून पोरं लांब ठेवायची असतील, आणि आईबाप दिवसभर रानात असतील, तर सात बायकांची भीती हे फुकटातलं कुंपण आहे. आमच्याकडं तर पोरांना पोहायला शिकवायला पाणीच नसायचं.

आता पाणी आलंय. कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलून आमच्या दुष्काळी पट्ट्यात आणलंय. कालवे आहेत, डाळिंबाच्या बागांना शेततळी आहेत. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणाराही वर चढू शकत नाही, हाताला धरायला काही नसतं. आणि शेततळ्यावर आसरा नाहीत! तिथं सात दगड कुणी मांडलेले नाहीत, त्यामुळं पोरांना भीतीही नाही. तिथं तारेचं कुंपण पाहिजे, आणि काठाला बांधून पाण्यात सोडलेला गाठी मारलेला दोर पाहिजे. दोराला शेंदूर लावायचा असेल तर लावा, माझी हरकत नाही.

तर 'लाइज बिनीथ' वाचा का? प्रवासात वाचायला बरं आहे. पण मला खरं वाचायचंय ते मराठीत. माणदेशातली विहीर, सातातली एक आसरा 'मी' म्हणून बोलतीय, आणि वरून कुणीतरी सोळा-सतरा वर्षांची पोर आत डोकावून विचारतीय की माझ्या मावशीला तुम्ही नेलं का? आणि ती म्हणते, नाही गं, ती आली तेव्हा रडत होती. यात प्रेमकथा बसवायची तर बसवा, पण आधी हे उत्तर येऊ द्या.

कुणी लिहिणार असेल तर सांगा. आणि तुमच्या गावात आसरांची विहीर असेल तर घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून मला कळवा. कुणाला नेलं म्हणतात ते तर विचाराच, पण त्याच्या आदल्या दिवशी घरात काय झालं होतं, तेही विचारा. माणसांची नावं मात्र घालू नका. भेटू पुढच्या भागात.