अंगठ्यापासून सहीपर्यंत

(बुद्धविहारातील उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्मदीक्षा घेतल्यानंतर आपल्या कुटुंबांत जे पहिले बदल होतात ते डोळ्यांना दिसणारे असतात. देव्हारा उतरतो. भिंतीवर भगवान बुद्धांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागते. उपासतापास सुटतात, लग्नातला भटजी जातो, मुलांच्या तोंडी त्रिशरण-पंचशील येते. हे सर्व योग्यच झाले. परंतु या सर्व बदलांनंतर मी आपणांस एक साधा प्रश्न विचारणार आहे. आपल्या घरातील स्त्रीच्या नावाचा जो कागद पेटीत पडला आहे, तो तिचा तिला वाचता येतो काय? आणि त्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचण्याची मुभा तिला या घरात आहे काय?

या प्रश्नाचा उलगडा व्हावा म्हणून मी आज आपणांस अमेरिकेतील एका बेटाची हकीकत सांगणार आहे. ती परक्यांची हकीकत आहे असे मानू नका. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांची संयुक्त राष्ट्रसंघाकडील मागणी काय आहे याची विचारपूस केली, आणि ड्यू बॉइस यांनी त्यास आस्थेने उत्तर दिले. आपल्या दोन्ही पुढाऱ्यांनी ज्या लोकांशी नाते ओळखले, त्यांच्या स्त्रियांनी काय केले हे आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहरी 1898 साली सेप्टिमा क्लार्क यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. क्लार्कबाई शिकून शिक्षिका झाल्या, परंतु त्या काळी चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षिका चालत नसत. मुले कृष्णवर्णीय असली तरी शिक्षक गोरे हवेत असा दंडक होता. म्हणून 1916 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर शिकविण्यास गेल्या. तेथे 132 मुले आणि शिक्षिका दोन. जवळच गोऱ्यांची शाळा होती. तिच्यात मुले तीन, शिक्षिका एक, आणि तिचा पगार क्लार्कबाईंच्या दुपटीहून अधिक. विषमता कशी असते हे त्यांना कोणी ग्रंथातून शिकवावे लागले नाही.

1919 साली त्या शहरात परतल्या व कृष्णवर्णीय शिक्षकांना सरकारी शाळांत नेमावे या मागणीसाठी दारोदार फिरून सह्या गोळा करू लागल्या. दुसऱ्याच वर्षी ती मागणी मान्य झाली. पुढे समान कामास समान वेतन मिळावे म्हणून जो दावा लढविला गेला, त्यातही त्यांनी भाग घेतला. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी शाळेत घालविली. परंतु 1956 साली त्या राज्याने कायदा केला की, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या संस्थेचे सभासद असणाऱ्यास सरकारी नोकरीत राहता येणार नाही. अनेकांनी सभासदत्व लपविले. क्लार्कबाईंनी ते लपविण्याचे नाकारले. नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. आपल्यासोबत उभे राहावे म्हणून त्यांनी सातशेहून अधिक शिक्षकांना स्वतःच्या सहीने पत्रे लिहिली. उत्तरे आली फक्त सव्वीस. धर्मांतरानंतर ज्यांच्याशी गावाने व्यवहार तोडला, त्यांना या एकाकीपणाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

नोकरी गेल्यावर क्लार्कबाई टेनेसी राज्यातील हायलँडर या लोकशाळेत पूर्णवेळ काम करू लागल्या. तेथे काळे-गोरे एका पंक्तीस बसून शिकत. 1955 च्या उन्हाळ्यात तेथील त्यांच्या वर्गास रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी स्त्री आली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने मॉन्टगोमेरी शहरातील बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडण्याचे नाकारले, आणि सर्व जगाने तिचे नाव ऐकले. परंतु मला आज सांगावयाचे आहे ते त्याहून लहान आणि फारसे कोणाच्या ध्यानात नसलेल्या कामाविषयी.

साउथ कॅरोलायनाच्या 1895 च्या राज्यघटनेत मतदाराची एक अट होती. ज्याच्यापाशी तीनशे डॉलर किमतीची मालमत्ता नसेल, त्याने त्या घटनेचे एखादे कलम वाचून व लिहून दाखविले पाहिजे. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. तरीही ज्यांच्या आजोबांना अक्षर शिकणे हाच गुन्हा होता, त्यांना नेमके हेच दार बंद झाले. जॉन्स आयलंडवर इसाऊ जेंकिन्स नावाचे एक गृहस्थ आपल्या बसमधून कामकऱ्यांना रोज शहरात नेत असत. त्यांच्या बसमध्ये ॲलिस वाइन नावाची एक बाई होती. तिने म्हटले की, मला शिकवाल तर मी मतदार होईन. जेंकिन्स यांनी बसमध्येच कलमे वाचून दाखविण्यास आरंभ केला. त्या बाईने कलम तोंडपाठ केले, अधिकाऱ्यापुढे म्हणून दाखविले व तिचे नाव यादीत लागले.

बंधुभगिनींनो, येथे कोणीही म्हणेल की काम झाले. पण त्या बाईचे समाधान झाले नाही. आपण म्हटले ते आपण वाचलेले नाही, हे तिला ठाऊक होते. तिला खरोखरीचे वाचावयास यावयाचे होते. मी जेव्हा ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपल्या विहारातील वंदना आठवली. आपल्याही घरांतून पंचशील पाठ आहे. पण पाणातिपाता म्हणजे काय, मुसावादा म्हणजे काय, हे म्हणणाऱ्यास सांगता येते काय? भगवंतांनी कालामांना उपदेश केला की, केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः जाणून घ्या. नुसत्या पाठांतरावर विसंबणे ही आपल्या धम्माची रीत नव्हे.

प्रौढांसाठी शाळा हवी असे त्या बेटावर ठरले. 1957 च्या जानेवारीत ती सुरू झाली. हायलँडरकडून कर्ज घेऊन लोकांनी एक जुनी इमारत विकत घेतली. पुढच्या भागात सहकारी दुकान मांडले, मागच्या खोलीत वर्ग भरविला, म्हणजे गोऱ्यांच्या नजरेस ते दुकानच दिसावे. शिकविणारी कोण? क्लार्कबाईंनी पदवीधर शिक्षक बोलाविला नाही. त्यांनी आपल्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन यांना गळ घातली. त्या केशभूषा व शिवणकाम करीत असत. त्यांनी कधी शाळेत शिकविले नव्हते. निवडीचे कारण नीट समजून घ्या. त्यांचे गिऱ्हाईक सर्व आपल्याच समाजाचे, म्हणून कोणी गोरा मालक त्यांची भाकर काढून घेऊ शकत नव्हता; आणि त्या लोकांतल्याच असल्याने अडाणी माणसास तुच्छ लेखतील ही भीती नव्हती.

पहिल्या रात्री चौदा प्रौढ आले. रॉबिन्सनबाईंनी आधी पुस्तक उघडले नाही. तुम्हांला काय शिकावयाचे आहे, असे त्यांनी विचारले. कोणाला स्वतःचे नाव लिहावयाचे होते, कोणाला मनीऑर्डरचा कागद भरावयाचा होता, कोणाला वर्तमानपत्र आणि बायबल वाचावयाचे होते. त्यातूनच अभ्यासक्रम तयार झाला. पुठ्ठ्यावर नाव काढून द्यावयाचे, त्यावरून बोट व पेन्सिल फिरवून हात वळवावयाचा, आणि मग घटनेतील शब्द घ्यावयाचे. पासष्टीच्या घरातील एका बाईने फळ्यावरच्या अनेक नावांतून आपले नाव ओळखून दाखविले, तेव्हा शिकविणारीच्या अंगावर शहारे आले. आठवड्यातून दोन रात्री, शेतीची कामे थंडावलेली असताना, दोन-तीन महिने. एवढाच तो वर्ग. तो संपल्यावर मतदारांच्या यादीत नावे वाढू लागली आणि शेजारच्या वॅडमलॉ व एडिस्टो बेटांवरील लोकांनी आमच्याकडेही शाळा काढा असा आग्रह धरला.

1961 साली टेनेसी सरकारने हायलँडरची मान्यता काढून घेतली. तेव्हा हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे आले व दक्षिणेतील राज्याराज्यांतून पसरले. 1957 ते 1970 या काळात अशा सुमारे 900 शाळा चालल्या. कोठे स्वयंपाकघरात, कोठे केशभूषेच्या दुकानात, कोठे झाडाखाली. मिसिसिपीतील फॅनी लू हेमर ही कापूस वेचणारी बाई 1962 साली मतदार नोंदणीस गेली म्हणून तिला मळ्यावरील घरातून काढण्यात आले. 1963 साली चार्ल्स्टन येथील अशाच एका प्रशिक्षणाहून परतताना तिला विनोना गावच्या तुरुंगात अमानुष मारहाण झाली. तरीही 1964 साली तिने डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनापुढे साऱ्या देशासमक्ष साक्ष दिली. 1965 साली मतदान हक्काचा कायदा झाला आणि त्याने दक्षिणेतील त्या साक्षरतेच्या परीक्षा स्थगित केल्या. त्या कायद्यामागे मोर्चे होते तशीच ही मागची खोलीही होती.

आता एक कटू गोष्ट. ज्या चळवळीसाठी क्लार्कबाई झटल्या, त्या चळवळीच्या कार्यकारिणीतही स्त्रियांचे म्हणणे ऐकले जात नव्हते. या बाई येथे कशाला बसतात, असे एक सहकारी वारंवार विचारी. किंग यांना त्यांची बाजू घ्यावी लागे. हे त्यांनी उतारवयात स्पष्टपणे सांगून ठेवले. वर्णद्वेषाशी लढणारा पुरुष घरच्या स्त्रीशी आपोआप न्यायाने वागतो असे नाही. आपणही अंतर्मुख होऊन पाहू या. आपल्या विहारात बुद्धपौर्णिमेस खीर कोण करते? झाडलोट कोण करते? आणि समितीच्या वहीवर सह्या कोणाच्या असतात?

कोसंबीच्या राजवाड्यात खुज्जुत्तरा नावाची एक दासी होती. राणी सामावतीसाठी फुले आणावयास ती जाई. तिने भगवंतांचा उपदेश ऐकला व परत येऊन राणीस आणि अंतःपुरातील स्त्रियांस तो सांगितला. राणीने तिला उच्चासनी बसवून तिच्याकडून धम्म ऐकला. भगवंतांनी बहुश्रुत उपासिकांत तिला अग्रस्थान दिले. दासीने शिकवावे व राणीने ऐकावे, ही आपली परंपरा आहे. 1942 साली नागपुरास दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांना हेच बजावले की, मुलामुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, आणि पत्नीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून उभे राहावे.

आणि आता आपल्या पेटीतील कागदाकडे येऊ. 2011 च्या जनगणनेनुसार भारतातील बौद्धांत शंभर पुरुषांमागे सुमारे 88 साक्षर होते, तर शंभर स्त्रियांमागे सुमारे 74. म्हणजे चौघींपैकी एक भगिनी अद्याप अंगठ्यावर होती. जिला सही येते तिचेही संकट संपलेले नाही. हिंदू कोड बिल अडवले गेले, हे बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. त्या बिलाचे तुकडे पुढे कायदे झाले. 1956 च्या जूनमध्ये उत्तराधिकाराचा कायदा आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरची धम्मदीक्षा झाली. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. धर्मांतराने आपल्या लेकीचा वाटा जात नाही. 2005 च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतःच मुलाबरोबरीची हक्कदार झाली.

पण प्रत्यक्षात काय होते? वडील वारतात, सातबाऱ्यावर नावे चढवावयाची वेळ येते, आणि भाऊ बहिणीस म्हणतो, “ताई, निबंधकाच्या कार्यालयात जरा यावे लागेल, एक सही हवी आहे.” ती येते. माहेर तुटू नये म्हणून विचारीत नाही. सही करते आणि घरी जाते. तो कागद हक्कसोडपत्र असतो. एखादीने समजून, आपखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. परंतु न वाचता केलेली सही ही अंगठ्याहून निराळी नाही. ज्या भावाने बहिणीस कागद वाचू दिला नाही, त्याने अदिन्नादानाचे शील मोडले, मग सकाळी त्याने वंदना कितीही सुस्वर म्हटली असो.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळ एक वर्ग भरवा. शिकविणारी वस्तीतलीच असू द्या. शिवणयंत्र चालविणारी, अंगणवाडीत जाणारी, कॉलेजात शिकणारी लेक. प्रथम शिकणारीस विचारा, तुला काय वाचावयाचे आहे? रेशनकार्ड असो, बँकेचे पुस्तक असो, सातबारा असो की मुलाच्या शाळेचा दाखला असो, तेच तिचे पहिले पुस्तक. त्या दाखल्यात धर्म कोणता लिहिला आहे, हेही तिला वाचता येऊ द्या. 1990 पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलतींचा हक्क आहे. तो हक्क कागदातील शब्दांवरच उभा आहे. आणि विहाराच्या समितीत त्या वर्गातील भगिनी घ्या, वही त्यांच्या हाती द्या.

क्लार्कबाईंचे निवृत्तिवेतन राज्याने वीस वर्षांनी, 1976 साली, पुन्हा चालू केले. ज्या चार्ल्स्टनने त्यांना शाळेतून काढले, त्याच चार्ल्स्टनच्या शाळामंडळावर त्या निवडून गेल्या. 1987 साली त्या वारल्या. तोवर त्यांनी ज्यांना हात धरून नाव गिरविण्यास शिकविले, त्यांची नातवंडे मतदान करीत होती.

आज घरी गेल्यावर आपल्या आईस, पत्नीस, बहिणीस पेटीतील एक कागद काढून द्या. तिला येत असेल तर ती वाचील, येत नसेल तर तिच्याजवळ बसून तिच्या नावापासून आरंभ करा. आणि भगिनींनो, यापुढे कोणी कितीही जिव्हाळ्याचा माणूस कागद पुढे करो, त्यास शांतपणे सांगा, “थांब दादा, आधी वाचते.”

जय भीम.